खोडलेली मांजर

“मॅडम, हा पुतळा शू करतो का?”

प्रश्न माझा नव्हता. सिमरन मुल्ला आणि धनश्री या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. सगळ्या आठवीसमोर उठून विचारायचं, आवाज कापू द्यायचा नाही, तर एक मोठा पुडा भडंग. आणि मी त्या वर्षी नुकतीच धीट झाले होते. सातवीपर्यंत बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी माझ्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आठवीत वक्तृत्वाला दुसरा नंबर काय आला, मला वाटायला लागलं की अख्खं मिरज माझ्याच आवाजाची वाट बघत थांबलंय.

म्हणून उठले आणि विचारलं. खणखणीत.

हॉलमध्ये एकदम चिडीचूप. पुढे टेबलावर रबराचा अर्धा माणूस आडवा ठेवला होता. डोकं, छाती आणि खलास. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं ते दाखवायला गावातल्या एका नर्सिंग स्कूलमधून दोघी आल्या होत्या : एक ट्यूटर मॅडम आणि एक तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. त्यातल्या ट्यूटर मॅडम म्हणजे हेमलता आवटी. म्हणजे माझी आई.

माझा अंदाज होता की आई डोळे वटारेल. त्याची मी तयारी करून आले होते. पण पुढे आली ती विद्यार्थिनी. काळीसावळी, उंच, केसांचा घट्ट अंबाडा, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ.

“हे आप्पा,” ती पुतळ्याच्या गालावर थोपटत म्हणाली. “आप्पांना कमरेखाली काहीच नाय, त्यामुळं त्यांची ती काळजी मिटली. पण आमच्या लॅबमध्ये यांचे थोरले भाऊ आहेत, अण्णा. ते अख्खे आहेत. ते करतात. सकाळी मीच भरते, दुपारी मीच काढते. माणूस चांगलाय, तक्रार नाय. तुला शिकायचंय का? रविवारी ये. तुझ्याच हातानं कर.”

हॉल फुटला. सिमरन बाकावर डोकं आपटून हसत होती. बाई हसत होत्या. आणि आई हसली. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ते हसू मला माहीत होतं. मी बाबांची नक्कल करायचे तेव्हा आई तसं हसायची. पण त्याला दीडेक वर्ष झालं असेल. मला वाटलं होतं ते हसू संपलं. संपलं नव्हतं. दुसरीकडे चालू होतं.

“कोण गं ती?” धनश्रीने कानात विचारलं.

“भाग्यश्री बिरादार,” मी म्हटलं. बघितली पहिल्यांदाच होती, पण नाव मला पाठ होतं. अगदी सातच्या पाढ्यासारखं.

भडंग मिळालं. तिखट नव्हतं. किंवा मलाच लागलं नाही.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणात चार पदार्थ असायचे : भाजी, भाकरी, आमटी आणि भाग्यश्री. एकदा मी बोटांवर मोजलं, आईने अकरा वेळा तिचं नाव घेतलं होतं. भाग्यश्री जत तालुक्यातली, उमदीची. घरी कानडी. पहिल्या वर्षी पेशंटशी बोलायला लागली की मराठी अडायचं, रडायची. आता बघा.

“आज काय झालं माहितीये,” आई बाबांना सांगायची. “मी मुलींना म्हणते, पेशंटला प्रश्न विचारला की गप्प बसा. मनात सात आकडे मोजा. आपण तीनला दुसरा प्रश्न टाकतो आणि पेशंट बोलणार असतो पाचला. सगळ्या माना डोलवतात, पण मोजते ती एकटी भाग्यश्री.”

“सदर गाडी वेळेवर सुटेल,” बाबा भाकरी मोडत म्हणायचे. बाबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचे आणि घरीसुद्धा त्यांचा माइक बंद व्हायचा नाही. “मिरज-उमदी, भाग्यश्री एक्सप्रेस!”

आई हसायची. मी आमटी फुरकायचे, मुद्दाम मोठ्याने.

आई सकाळी आठला जायची, यायची सात-साडेसातला. बाबांची बहुतेक दुपारची पाळी. माझी शाळा सकाळची. एक वाजता मी कुलूप उघडायचे, ओट्यावर ताट झाकलेलं असायचं. आमच्या चाळीत एक करडी मांजर होती, गुंडी तिचं नाव. ती माझ्या आधीच दारात हजर असायची. तिचं आणि माझं बरं जमायचं. संध्याकाळी ताट घासून पालथं घातलेलं दिसलं की आई चप्पल काढता काढता विचारायची, “जेवलीस? जेवली असशील.” प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. मग कुकर.

शाळेतल्या त्या प्रकारानंतर चारच दिवसांनी आईच्या स्कूलमध्ये मोठी परीक्षा होती. पुण्यात सहा महिन्यांचा एक कोर्स होता : पुतळ्यांवर आणि खोट्या पेशंटांवर नर्सेसना शिकवायचं कसं, ते शिकवणारा. दर वर्षी आईच्या स्कूलमधून एकच मुलगी घ्यायचे. निवडायला दातार मॅडम म्हणून परीक्षक दोन दिवस येणार होत्या. परीक्षा कशी, तर एक खोटी पेशंट कॉटवर झोपवायची, तिच्या दुखण्याचं कार्ड आईने लिहायचं आणि एकेका मुलीने येऊन तिच्याशी बोलून खरं कारण काढून घ्यायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईला फोन आला. पेशंट होणाऱ्या कॉलेजच्या नाटकातल्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या.

“झालं!” आई मटकन बसली. “आता चौदा वर्षांची शोभेल अशी मुलगी कुठून आणू?”

मी तिच्या समोर उभी होते. चौदा वर्षांची. वक्तृत्वात दुसरी.

“मी,” मी म्हटलं.

“तू नको.”

इतक्या पटकन म्हणाली, की बाबासुद्धा वर्तमानपत्रातून वर बघायला लागले.

“का नको? मला अभिनय येत नाही?”

“तसं नाही गं. ते... तुझ्यासाठी नाहीये ते कार्ड.”

“बिरादारबाईंसाठी सगळं आहे. माझ्यासाठी एक कार्ड नाही!”

“मृण्मयी!”

“घे की तिला,” बाबा म्हणाले. “जादा गाडी सोडायचीय ना तुला? मग ही उभी आहे फलाटावर, हॉर्न वाजवत.”

आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पर्समधून कार्ड काढून दिलं, तेही असं, की जणू गरम तवा देतेय.

कार्डावर होतं : कविता, वय १४. पोट दुखतं म्हणून आली आहे. काही विचारलं की आधी ‘काही नाही’ म्हणते. डाव्या हाताची नखं खाते. दुखण्याचं खरं कारण : दुपारची जेवत नाही. डबा वाटून टाकते. का? जेवायला बरोबर कोणी नसतं. हे कोणाला सांगत नाही. विचारणारी शेजारी बसली, आणि विचारून थांबली, तरच सांगायचं.

‘डबा वाटून टाकते’च्या आधी एक ओळ निळ्या शाईने गिचमिड खोडली होती.

“किती बावळट आहे ही कविता,” मी म्हटलं.

आईने पर्सची चेन लावली. मग म्हणाली, “एक नियम लक्षात ठेव. खोटी पेशंट खरंच आजारी पडू शकते. चक्कर येते, दुखायला लागतं. तसं काही खरं झालं तर ‘लाल दिवा’ म्हणायचं. म्हटलं की परीक्षा तिथल्या तिथे थांबते, सगळे धावत येतात. फक्त खरं असेल तरच. या एका शब्दावर आमची लॅब चालते.”

“कळलं.”

“गंमत म्हणून नाही.”

“कळलं गं!”

मला काय करायचं होतं ते ठरलं होतं. बाकीच्या मुलींना मी कार्डाप्रमाणे सांगणार होते. भाग्यश्री बिरादारला मात्र काहीही नाही. ती बसू दे, थांबू दे, शीर्षासन करू दे. तिला फक्त ‘काही नाही’. आईला कळू दे तिची भाग्यश्री किती पाण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी आईबरोबर लॅबमध्ये गेले. लॅब म्हणजे खोटा वॉर्ड होता. सहा कॉट. शेवटच्या कॉटवर ते अख्खे अण्णा, तोंड उघडं टाकून. त्यांच्याकडे बघून मला हसू आलं. एका भिंतीला मोठी काच. पलीकडच्यांना सगळं दिसायचं, आपल्याला आपलंच तोंड. पलीकडे दातार मॅडम आणि आई.

पहिली मुलगी आली ती उभीच राहिली. “पोट कुठं दुखतंय, जुलाब आहेत का, पाळी आली का, शाळेत जातेस ना?” एका दमात. मी म्हटलं, “काही नाही.” तिने लिहून घेतलं आणि गेली. दुसरी बसली, पण थांबली नाही. माझं तोंड उघडतंय तोवर तिचा पुढचा प्रश्न. मला मजा यायला लागली. आईचं खरं होतं, सगळ्या तीनलाच टाकत होत्या.

तिसरी भाग्यश्री.

मला बघून तिच्या ओठाचा कोपरा हलला. शू-वाली मुलगी, ओळखलं तिने. पण लगेच चेहरा सरळ.

“नमस्कार कविता. मी भाग्यश्री. बसू का इथं?”

मी खांदे उडवले. तिने स्टूल ओढलं आणि बसली. माझ्यापेक्षा खाली. मला मान खाली करून तिच्याकडे बघावं लागत होतं. माझं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे बघितलं, अर्ध्या मिनिटाने कागदावर काहीतरी लिहिलं, पण मनगट सोडलं नाही.

“कधीपासून दुखतंय?”

“काही नाही. असंच.”

“बरं.”

आणि गप्प. मी मोजायला लागले. पाच, सहा, सात. ती घाई न करता माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं. हात तोंडाकडे गेला होता. नख. खाली घेतला.

“शाळा सकाळची?”

“हं.”

“मग दुपारचं घरी. कोणाबरोबर जेवतेस?”

एक. दोन. अण्णांच्या तोंडावर माशी बसली. तीन. चार. काचेत मी मला दिसले, गालावर पाणी आलेलं. पाच. या काचेमागे आई आहे आणि ती माझ्याकडे बघत नाहीये, हिच्याकडे बघतेय. सहा.

“कोणी नसतं,” मी म्हटलं.

हे मी म्हणणार नव्हते. कविताने म्हटलं असतं तर चाललं असतं, पण तो आवाज कविताचा नव्हता. “घरी कोणी...” पुढचं सगळं मी सांगून टाकणार होते, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात असा काही जाळ झाला की काय सांगू. हे सात आकडे माझ्या आईचे होते! मला कधी एकसुद्धा मिळाला नव्हता. मला ‘जेवली असशील’. आणि हिला सगळेच्या सगळे, घासून पुसून, संध्याकाळी दोन-दोन तास बसवून शिकवलेले. आणि आता ही ते माझ्यावरच वापरत होती.

“लाल दिवा!” मी ओरडले. पोट धरून दुमडले. “लाल दिवा! खरंच दुखतंय!”

दार धाडकन उघडलं. आई धावत आली. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठेतरी राहिली होती. तिने मला कवेत घेतलं, कपाळाला हात लावला, मान, पोट. “कुठं गं? कुठं?” तिच्या हातांना साबणाचा वास येत होता.

दातार मॅडम मागून आल्या. “या मुलीने पेशंटचा हात धरला होता,” त्या जरा आश्चर्यानेच म्हणाल्या, “आणि खरा त्रास हिच्या लक्षात आला नाही?” आणि त्यांनी ते तिथेच लिहिलं.

आईच्या खांद्यावरून मला भाग्यश्री दिसली. भिंतीला लागून उभी. स्टूल हातात, आणि ते कुठे ठेवायचं हे न सुचून तसंच धरलेलं.

मला हवं ते सगळं मिळालं. रिक्षा मिळाली. अर्धा दिवस आई मिळाली. माझ्या उशाशी बसून ती पोट दाबून बघत होती.

“इथं?”

“हो.”

“इथं?”

“हो.”

“आणि इथं?” अगदी दुसऱ्या टोकाला.

“तिथं पण.”

आईची बोटं थांबली. मग तिने पांघरूण माझ्या गळ्यापर्यंत ओढलं. तीन वाजता म्हणाली, “राहिलेल्या मुलींची तोंडी परीक्षा घ्यायचीय, जावं लागेल. मऊ भात झाकून ठेवलाय.” दारातून एकदा मागे वळून बघितलं. गेली.

घर परत तेच. घड्याळ, नळाचं टपटप, ओट्यावर झाकलेलं ताट.

सहा वाजता कडी वाजली. मला वाटलं, सिमरन असेल. दारात भाग्यश्री. पांढरा गणवेश तसाच, हातात स्टीलचा डबा.

“पोट कसंय?”

“बरंय.” मी दार अडवून उभी.

“आंबील आणलीय. ज्वारीची, ताक घालून. मेसच्या मावशींकडून भांडून घेतली. सातला हॉस्टेलमध्ये परत जायचंय. आत घेतेस, का उंबऱ्यावरच पाजू?”

मी बाजूला झाले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, स्वतःच वाट्या शोधल्या, दोन भरल्या. एक माझ्याकडे सरकवली, दुसरी स्वतः प्यायला लागली.

“ही तुझ्या एकटीसाठी नाय. मीपण सकाळपासून उपाशी हाय.”

मीही वाटी उचलली.

“तुझं आता काय होणार?” मी विचारलं.

“दुसऱ्या कुणाचातरी नंबर लागेल पुण्याला. मला वॉर्ड हायत की.” तिने वाटी खाली ठेवली. “घरी सांगितलं होतं फक्त. अव्वानं, म्हणजे आईनं, आख्ख्या उमदीत सांगून ठेवलंय, पोरगी पुण्याला मास्तरीण होणार.”

मी नख खात होते.

“एक विचारू?” ती म्हणाली. “नाडी माझ्या बोटाखाली होती. अठ्ठ्याहत्तर. तू ओरडलीस तेव्हासुद्धा अठ्ठ्याहत्तर. इतकं दुखलं तर नाडी पळते.”

मी मनगट पाठीमागे घेतलं.

“मग तू सांगितलं का नाहीस त्यांना?”

“काय सांगू? पेशंट खोटं बोलतोय म्हणून?” ती भडकली. पहिल्यांदाच. “मॅडमनी पहिल्या दिवशी काय शिकवलंय? पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय. कुठं, ते शोधणं आपलं काम. म्हटलं, पोट नसेल, दुसरं काय असेल. मला रागसुद्धा आलाय, बरं का. खूप आलाय. पण आधी पोट विचारायचं, मग राग.”

मी रिकामी वाटी परत तोंडाला लावली.

“आई तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त...” मी म्हटलं, आणि पुढचा शब्द इतका बाळबोध होता की गिळून टाकला.

“काय जास्त? ओरडतात? हां, ते जास्त. दोन तास उभं करतात. ‘बिरादार, पुन्हा. बिरादार, परत विचार.’ लाड बघायला ये एकदा!”

तेवढ्यात खिडकीतून गुंडी आली. धप्प. तिची वेळ चुकलेली, दुपारी मी झोपले होते ना. सरळ ओट्यावर चढली आणि झाकलेल्या ताटाशी जाऊन बसली. पुढचे पाय जुळवून, शेपटी गुंडाळून, अगदी पंगतीला बसल्यासारखी. आणि माझ्याकडे बघून ओरडली. वाढ म्हणून.

भाग्यश्री हसली. मग हसायची थांबली. तिने ताटाकडे बघितलं. मांजरीकडे. माझ्या डाव्या हाताकडे.

“ही रोज येते?”

“काही नाही. अशीच. चाळीतली आहे.”

“अय्योऽ,” ती एकदम हळू म्हणाली.

“काय?”

“कविताचं कार्ड. दुपारी परीक्षा आटपल्यावर मॅडम तू कॉटवर टाकून गेलेलं ते कार्ड घेऊन बसल्या होत्या, मी बाजूला अण्णांची नळी धूत होते. आधी काय लिहिलं होतं ते त्यांनी सांगितलं. त्यात डबा वाटून टाकते असं नव्हतं. ताट मांजरीला घालते, ताट घासून पालथं घालते, असं होतं. मला लई आवडलं. पण मॅडमनी ते खोडलेलं. मी म्हटलं, का काढलं, चांगलं होतं की. तर म्हणाल्या...” तिने माझ्याकडे बघितलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, ओळखू आलं असतं.”

गुंडी परत ओरडली. मी उठून ताट उघडलं. मऊ भात, वर मेतकूट, तुपाचा गोळा थिजलेला. मी ताट घेऊन तिथेच उभी राहिले.

भाग्यश्री काही बोलली नाही. तिने मोजलं असणार. मग उठली, उरलेली आंबील वाटीत ओतून डबा विसळला, माझ्या डोक्यावर टपली मारली, चांगली जोरात, आणि म्हणाली, “सात वाजतील. पळते. मांजरीला आज आंबील घाल.”

साडेसातला आई आली, मागोमाग बाबा. आईने दाराशी चप्पल काढली. “दुखायचं थांबलं? जेवलीस? जेवली असशील,” म्हणत ती कुकरकडे वळली.

“आई, बस.”

“अगं डाळ लावू दे...”

“बस ना. आणि परत विचार.”

“काय?”

“आत्ता विचारलंस ते. आणि मग मोज.”

आईचा हात कुकरच्या झाकणावर राहिला. मग ती आली. मी कॉटवर बसले होते. ती खाली बसली, जमिनीवर. मला मान खाली करून बघावं लागलं.

“जेवलीस का गं?”

बाबा म्हणाले, “अगं, हे काय नवीन...” आईने त्यांच्याकडे न बघता तळहात वर केला. आईचे ओठ अगदी किंचित हलत होते. सात झाले. आठ, नऊ. ती उठली नाही. मला वाटतं, सत्तरपर्यंत थांबली असती.

“नाही,” मी म्हटलं. “जूनपासून नाही. दुपारचं गुंडी जेवते.”

“हं.”

“आणि माझं पोट दुखत नव्हतं.”

“माहितीये. मी जिथं जिथं दाबलं, तिथं तिथं तुला दुखत होतं.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“मोजत होते,” आई म्हणाली. “जूनपासून मोजतेय. ओट्यावर रोज करडे केस सापडायचे, पण विचारायचं धाडस होईना. कार्ड लिहायला घेतलं तर दुसरी कुणी डोळ्यांपुढे येईना.” पदराने नाक पुसलं. “दातार मॅडमना म्हटलंय, निकाल उद्या दहानंतर लावा. का, ते नाही सांगितलं. ते मी सांगून चालणार नव्हतं.”

“मला कोणी सांगेल का,” बाबा म्हणाले, “ही गाडी कुठून निघाली आणि कुठं चाललीय?”

मी उठून उभी राहिले. कॉटवरच. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, सातवीत व्हायच्या तशा, पण आवाज कापू दिला नाही.

“बाबा, घोषणा आहे. नीट ऐका, परत होणार नाही. उद्या मी शाळेत जाणार नाही. सकाळी नऊला आईबरोबर लॅबमध्ये जाणार. दातार मॅडमना सांगणार की लाल दिवा खोटा होता आणि नाडी अठ्ठ्याहत्तर होती. भाग्यश्रीने लिहून ठेवलीय, बघा म्हणावं. मग तेच कार्ड घेऊन मी परत झोपणार, त्या अण्णांच्या शेजारी, आणि ती विचारेल त्याची सगळी उत्तरं देणार. खोडलेल्या ओळीसकट.”

आई काहीतरी म्हणायला गेली.

“थांब, अजून संपलं नाही. आणि परवापासून दुपारची मी घरी जेवणार नाही. शाळा सुटली की डबा घेऊन लॅबमध्ये येणार. तू, मी आणि ती तुझी भाग्यश्री. पण आई, जागा आत्ताच सांगून ठेवते.”

“कुठली?”

“तुमच्या दोघींच्या मधे मी बसणार.”